रुमालाखालचा सौदा

गाळ्यावर फोन आला तेव्हा हापूसच्या पेट्या उतरत होत्या. सानपाड्याच्या शुश्रूषा केंद्रातून मेट्रनबाई बोलत होत्या. इस्माईलभाई सकाळी झोपेतच गेले, म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो आणि हमालाला पेट्या सावलीत लावायला सांगितल्या. महिना उलटून गेला, पण ते "बरं" अजून घशाखाली उतरत नाही...

इस्माईलभाई श्रीवर्धनकडचे, मी जुन्नरचा. फळबाजार मुंबईहून वाशीला आला आणि आमचे गाळे शेजारीशेजारी लागले. "तुमी घाटी लोक आंबा खाता, वळखत नाय," असं ते मला गिऱ्हाइकासमोर ऐकवत आणि वर माझ्याच किटलीतला चहा पीत. तोही उभ्यानं. एका जागी बसणं या माणसाला ठाऊकच नव्हतं. आमच्या बाजारात आंब्याचा भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका आकडा. तोंडानं खुशाल पोराबाळांची चौकशी करायची. पटलं की हात दाबून काढून घ्यायचा, सौदा पक्का. इस्माईलभाईंनी पहिला भाव कधी घेतला नाही. ज्याचा आंबा सकाळपर्यंत टिकणार नाही तोच पहिल्या भावाला हात काढतो, असं त्यांचं म्हणणं, आणि बाजारात ते सगळ्यांनाच माहीत आहे.

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं, आणि तेच वाईट. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात त्यांची बायको, हमीदाभाभी, एकट्या. डॉक्टरांनी केंद्रात ठेवायला सांगितलं तेव्हा भाभी माझ्याजवळ रडल्या, की यांना वाटेल, मी घरातून काढलं. मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. कपडे सैल आणा, नाव शिवून आणा. घास भरवू नका, सांडलं तर सांडू द्या. सुरुवातीला ते तुमच्यावरच चिडतील, तोंड फिरवतील, ते मनावर घेऊ नका. आणि घरी कधी नेणार, हे अजिबात कबूल करू नका.

झालंही तसंच. व्यायाम घेणारी बाई हातात रबरी चेंडू देई, इस्माईलभाई तो पडू देत. बोटं दाखवा म्हटलं की भिंतीकडे बघत. त्यांना आकडे कळत नसावेत, असं ती एकदा मला हळूच म्हणाली. मला हसूही आलं आणि संतापही. चारचौघांत बोटं दाखवायला तो काय केळीवाला होता? मी खिशातला रुमाल काढून त्यांच्या उजव्या हातावर टाकला, खाली माझा हात सरकवला आणि विचारलं, "बोला इस्माईलभाई, घरी किती आठवड्यांनी?"

मग एक बोट माझ्या बोटाला जेमतेम अडकलं. एक! मी त्यांची चार बोटं धरली. त्यांनी मान झटकली, डोळ्यांत तो जुना खवटपणा आला, आणि पुन्हा एकच. व्यायामाची बाई बघतच राहिली. मेट्रनबाई रागावल्या, कबूल करू नका म्हटलं होतं ना. मी म्हटलं, कबूल कुठे, अजून घासाघीसच चाललीय. त्यानंतर बाजार आटोपला की मी रोज तिकडे. सौदा रोज मोडायचा. रोज त्यांची पकड थोडी वाढायची. भाभींनी घरी पलंग खिडकीशी हलवला, संडासात धरायला कडी बसवून घेतली. आम्हा सगळ्यांना एकच ध्यास होता, हा माणूस हंगामाच्या पेट्या संपायच्या आत घरी यायला हवा.

शेवटच्या संध्याकाळी मी उगाच त्यांना डिवचायला पुन्हा पहिल्या दिवसाचीच चार बोटं धरली. म्हटलं आता भडकणार. त्यांनी मान झटकली नाही. माझा हात दाबला, चांगला घट्ट दाबला, आणि आपला काढून घेतला. मी खूश. बाहेर येऊन मेट्रनबाईंना सांगितलंसुद्धा, की म्हातारा रुळला एकदाचा, आता कटकट नाही. भाभींनाही तेच सांगितलं. त्या हसल्या, किती दिवसांनी...

तो रुमाल माझ्या गाळ्यात खिळ्याला टांगलाय. परवा माल विकायला आलेल्या एका व्यापाऱ्यानं सौद्याला तो ओढला, मी त्याला दुसरा दिला. त्यानं माझा पहिला भाव लगेच घेतला, तसा मी तिथेच त्याच्या पेटीचं गवत उचकटून फळं दाबून पाहिली. बाजारातलं कुठलंही शेंबडं पोर तेच करेल. त्या संध्याकाळी मी तेवढं केलं नाही. मला भाव पटला होता.