पिवळी खूण

मला व्यसन आहे. दारूचं नाही, तंबाखूचं नाही, पिवळ्या मार्करचं.

चाकणच्या एका कंपनीत गेली सव्वीस वर्षं मी एकच काम करतोय. आवळलेला बोल्ट तपासायचा आणि त्यावर पिवळी खूण करायची. खूण म्हणजे पास! हळूहळू हात घरीही चालू लागला. गॅसचं बटण, दाराची कडी, कुकरचं झाकण, सगळीकडे खुणा! (सासूबाईंच्या कवळीच्या डबीवरची मात्र माझी नाही. बहुतेक.)

आमच्या प्राजक्ताने मुलगा स्वतःच पसंत केला होता, हिंजवडीत तिच्याच ऑफिसातला. फक्त त्याच्या वडिलांचा होकार बाकी होता. ते मोशीच्या जुन्या शेतकरी घरातले, सगळे त्यांना नाना म्हणत. रविवारी सकाळी ते आमच्या कासारवाडीच्या घरी यायचे होते.

"बाबा, आज मार्कर खिशात ठेवायचा नाही!" प्राजक्ताने बजावलं.

"नाही ठेवत. शब्द!" मी म्हणालो, आणि मार्कर मोज्यात खोचला.

नानांसाठी खास नवी खुर्ची मागवली होती. ती आली सुट्या भागांत! मी पाना घेऊन बसलो. तीन बोल्ट आवळले, तीन खुणा केल्या. चौथ्याला पाना लावणार, तोच बेल वाजली! घाईघाईत चौथ्यावर नुसतीच खूण केली.

नाना आले ते पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यात.

"बसा नाना. एकदम मजबूत खुर्ची आहे!"

"व्हय?" म्हणत नाना टेकले. हातात पोह्यांची बशी घेतली. कर्रर्र! नाना जमिनीवर आणि पोहे नानांवर!

मी धावलो. "नाना, गुडघा?"

"ठीक हाय."

"कोपर?"

"त्याला काय बी न्हाई झालं."

"कंबर?"

"हाय जागेवर. पण ह्ये काय करताय वो?"

बघतो तर मार्कर माझ्या हातात! आणि नानांच्या गुडघ्यावर, कोपरावर, कंबरेवर तीन ठसठशीत पिवळ्या खुणा!

"मोडलं माझं लग्न," प्राजक्ता रडवेली होऊन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या मार्करचा राग आला.

"पोरी, ह्यो काय परकार?" नानांनी तिला विचारलं.

"काका, बाबा तपासतात ना... जे पास होतं, त्याच्यावर खूण करतात."

नानांनी धोतर पाहिलं, सदरा पाहिला. "म्हंजी आमी पास?" आणि ते असे हसत सुटले, की केसांतले पोहे खाली पडायला लागले!

"पोरगी आमाला पसंत हाय! आता तुमची तपासणी. फिरा तिकडं!" त्यांनी माझ्या हातातून मार्कर काढून घेतला आणि माझ्या नव्या शर्टाच्या पाठीवर भली मोठी फुली मारली. "पोरगी पास. बाप नापास!"

नाना गेल्यावर शर्ट काढून मी ती फुली उजेडात धरली. दोन्ही रेघा सरळ, जाडी एकसारखी, रंग कुठे ओघळलेला नाही.

बायकोचं लक्ष नाही असं बघून मी त्या फुलीच्या शेजारी हळूच एक पिवळी खूण केली!