चोटाच्या आठ खांबांपाशी

थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांत बाबांना टीव्हीसमोर बसवून ठेवणं बरं दिसेना, म्हणून निघालो. नेपरव्हिल ते टेनेसी, दहा तास. नवरा ऑन-कॉल, त्यामुळे गाडी चालवणारी मी एकटी. इंडियाना संपता संपत नाही. दशम्या आणि लसणाची चटणी लेक्सिंग्टनच्या आधीच संपली, आणि नॉक्सव्हिलच्या मोटेलात पोचल्यावर मला चहा करायचाही कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी स्मोकीज नॅशनल पार्कमध्ये पार्किंग मिळणार नाही हे दिसतच होतं. नकाशात तासाभरावर टेलिको तलाव सापडला. काठावर चोटा, म्हणजे चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या, धरणात बुडालेल्या गावाचं स्मारक. तिकीट नाही. रिव्ह्यूत कुणीतरी लिहिलेलं, ‘बघण्यासारखं काही नाही.’ दमलेल्या माणसाला याहून चांगली शिफारस नको.

बाबांचं गाव उजनी धरणात गेलं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही हे दोन धागे जोडायचं माझ्या डोक्यात आलं नाही. या चुकीचं खापर मी ड्रायव्हिंगवर फोडते.

आधी जवळचं छोटं म्युझियम पाहिलं. काउंटरवरच्या पिकल्या केसांच्या बाई स्वतः चेरोकी. त्यांनी सांगितलं की धरणाचं पाणी चढण्याआधी काही उन्हाळे इथे उत्खनन चाललं. लाकडी खांब केव्हाच कुजलेले, पण खांब होता तिथे मातीत काळसर गोल डाग उरतो. त्या डागांवरून गावाचं सभागृह सापडलं. मी भाषांतर करत होते आणि बाबा एका फोटोसमोर खिळले होते. फोटोत दोऱ्या बांधून आखलेले चौकोन होते, प्रत्येकाला नंबर. नंबर कशाला, असं त्यांनी मला विचारायला लावलं. नंतर काय कुठे होतं ते कळावं म्हणून, बाई म्हणाल्या.

पुढचा रस्ता अरुंद आणि वळणांचा. रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करा. वाटेत टॉयलेट नाही. गाडी लावून दहा मिनिटं चालायचं, बाबांच्या गुडघ्यांनी वीस. पाण्याच्या कडेला आठ खांबांचं रिंगण आहे: सात कुळांचे सात, आठवा सगळ्यांचा. सभागृहाची जागा तेवढी भराव टाकून वर उचललेली, बाकीचं गाव बहुतेक पाण्यात.

बाबांनी बूट काढले.

“बाबा, गवत ओलं आहे. हे देऊळ नाही.”

“चावडी आहे ना?” ते म्हणाले आणि मोज्यांनिशी आत गेले.

मग परत येऊन बसले आणि सांगायला लागले. विसाव्या वर्षी त्यांना धरणाच्या कामावर तात्पुरती नोकरी लागली होती. काम काय, तर मोबदल्याच्या मोजणीसाठी घराघरावर रंगाने नंबर टाकायचे. त्यात स्वतःचं घरही आलं.

“आई दारात उभी होती. म्हणाली, जरा बाजूला टाक रे, तोरणाखाली नको. साहेब बघत होते. मी तिथंच टाकला.”

दर उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की काका जुन्या घराचा चौथरा बघायला जातो. बाबा कधीच गेले नाहीत. मी आजवर त्यांच्या गुडघ्यांना दोष देत आले. मला फार वाईट वाटलं. त्यांचे ओले मोजे काढून मी माझे दिले.

परतीचे दहा तास तसेच रटाळ गेले. खास इतक्या लांबून चोटाला जा, असं मी सांगणार नाही. स्मोकीजला जाणार असाल तर अर्धा दिवस काढा.

घरी आल्यावर बाबांनी काकाला फोन लावला. मे महिन्यात पाणी उतरलं की मलाही ने, म्हणाले. फोन स्पीकरवर होता. काका म्हणाला, “अरे, भिंती कधीच पडल्या. नंबर-बिंबर काही राहिलेला नाही तिथे.”

बाबांनी फोन जवळ ओढला.

“कुठं होता ते मला माहीत आहे,” ते म्हणाले.