तुसाच्या शेगडीची शपथ

आमची कंपनी कशी बुडाली असं कुणी विचारलं की मी सरकारी परवान्यांकडे बोट दाखवत आलो. ते खोटं आहे. कंपनी आम्ही तिघा भागीदारांनीच मारली, आणि तिघांत सगळ्यात हलका माणूस मी होतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. पनवेलच्या भातगिरण्यांमागे तुसाचे ढीग पडून असायचे. ते तूस जाळून धुराशिवाय स्वयंपाक होईल अशी पत्र्याची शेगडी आम्ही काढली. ‘आम्ही’ हेही खोटंच. काढली ती कर्नाळ्याच्या वाटेवरच्या गावातल्या एका आगरी पत्रेकाम करणाऱ्यानं. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. मला एवढंच कळलं की ही वस्तू खपेल. एक कापडदुकानदार आणि एक वकील जोडीला घेतले. पहिले चार महिने आम्ही भांडलो ते लेटरहेडवर कुणाचं नाव वर यावं यावरून. शेवटी माझ्या नावापुढे ‘संशोधक’ असं छापलं. कारागिराचं नाव कुठंच नव्हतं. बैठकीला तो उंबऱ्यावर बसायचा आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

धास्ती एकच, याच्याकडून विद्या बाहेर जाईल. सगळं मर्म आतल्या जाळीच्या भोकांत होतं. ती किती तिरपी पाडायची हे फक्त त्याच्या हाताला ठाऊक. म्हणून मी त्याला त्याच्या गावदेवीसमोर नेलं, हातात नारळ दिला आणि वदवून घेतलं, की कंपनीखेरीज कुणासाठी शेगडी करणार नाही, कुणाला शिकवणार नाही.

वकील म्हणाला, “स्टँपपेपरपेक्षा पक्कं काम केलंस!” मला फार बरं वाटलं.

मग एका वसतिगृहाकडून साठ शेगड्यांची मागणी आली. दोन महिन्यांत हव्या होत्या. हा एकटा महिन्याला सहा करायचा. आम्ही त्याला म्हटलं, माणसं देतो, शिकव.

“कशी शिकवू, मास्तर? शपथ हाय.”

“अरे, आम्हीच घातली होती ना? सोडली म्हण.”

“घातली तुमी, पन ऐकली आईनं. तुमी या, गावासमोर तिला सांगा. मंग धा जनांना शिकवतो.”

तो गेल्यावर दुकानदार खो खो हसला. “म्हणजे आता डायरेक्टरांनी खेड्यात जाऊन कान धरायचे! मास्तर, तू संशोधक ना? तूच कर की एक.”

मी एक शेगडी उघडून मापं घेतली आणि तशीच जाळी करवली. दुकानामागे पेटवली, तर धुरानं दुकानदाराचे लठ्ठ्याच्या कापडाचे तागे काळे झाले.

मंगळवारी सकाळी देवळात येतो, असं मी कारागिराला कबूल केलं. नारळ घेऊन स्टँडवर गेलोही. बसमध्ये त्याच गावाला निघालेले माझ्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन पालक बसले होते. “या संशोधक, आज कुठं?” एकानं विचारलं. ही विद्या माझी नव्हे, कारागिराची आहे, आणि मी ती बांधून ठेवली होती, हे तिथं यांच्यासमोर बोलावं लागणार होतं. मी कुणाला तरी सोडायला आल्यासारखा हात हलवला. बस गेली. त्या नारळाची घरी चटणी झाली.

तो दुपारपर्यंत देवळात थांबला होता म्हणे. बुधवारी नेहमीसारखा कामावर आला आणि जाळीला भोकं पाडायला बसला. त्या महिन्यातही सहाच शेगड्या झाल्या. मागणी गेली, आणि वर्षभरात कंपनीला कुलूप लागलं.

काही वर्षांनी निवडणुकीच्या कामासाठी मतदारयादी घेऊन मी त्याच्या गावात गेलो. तो मिठागरावर गेला होता. त्याच्या बायकोनं मला ओळखलं नाही. ती ओल्या लाकडांवर फुंकणी फुंकत होती, डोळे लाल झालेले. तुमच्याकडे तुसाची शेगडी नाही का, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

“किती येला म्हनलं, घराला तरी एक करा,” ती म्हणाली. “तर म्हनतात, शपथ सोडवायला मास्तर अजून आले नाय.”

मी यादीतल्या तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.