बाराशे चौदा माणसांचं गाव

अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या गॅस स्टेशनवर माझ्या गाडीत पेट्रोल भरणारा माणूस उत्तर प्रदेशातल्या एका शेतकरी गावचा आहे. कागदपत्रं अडकल्यामुळे नऊ वर्षं तो घरी गेलेला नाही. काच पुसता पुसता तो मला हिंदीत गावची लोकसंख्या सांगतो. आईला रोज फोन करून कोण जन्मलं, कोण गेलं, ते विचारून घेतो.

"भाईसाब, सात भावांनी नदीकाठी गाव वसवलं. आज बाराशे बारा." पुढच्या शनिवारी, "बाराशे चौदा! जुळी झाली!"

एकदा मी विचारलं, "बाहेर गेलेले वजा करता का?"

तो हसला. "ते कशाला? ते तर परत येणारच."

गेल्या शनिवारी काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, "त्याची आई गेली मंगळवारी. जाता नाही आलं बिचाऱ्याला."

तो आला, काच पुसू लागला आणि म्हणाला, "बाराशे चौदा."

मी आकड्यांचा माणूस, विचारून बसलो, "या आठवड्यात कोणी जन्मलं का?"

"नाही." कोरडी झालेली काच तो पुसतच राहिला.

चुकलेली बेरीज मी सहसा सोडत नाही. गाडी सुरू केली आणि म्हटलं, "बाराशे चौदा."