नाक्यावरचा आवाज
कोरडा तवा तापल्याचा वास आला की भरवेलीच्या खाण-कॉलनीतली ती संध्याकाळ आठवते. खाणीतली पाळी संपवून येणाऱ्या नवऱ्याची मोटारसायकल नाक्यावर असतानाच मला आवाजावरून ओळखू यायची. मग मी तवा ठेवायचे, आणि तो हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली पोळी फुगायची. त्या दिवशी सकाळीच त्यानं मोठ्या हौसेनं दणदणाट करणारा नवा सायलेन्सर बसवला. पण तसाच निम्म्या कॉलनीनं आधीच बसवलेला! दर दणदणाटाला मी तवा ठेवत गेले, उतरवत गेले, शेवटी तव्यातून धूर निघाला. तेवढ्यात हा आला. "काहून रागावली? आवाज नाही आला काय?" "आला ना, अख्ख्या कॉलनीचा आला!" जुना सायलेन्सर तोवर भंगारात गेला होता. आता ती डरकाळ्या फोडणारी गाडी नाक्यावर थांबवून तो मला रोज फोन करतो, "तवा ठेव, येऊन राह्यलो."