लांब मानेची लाईन

बबन भुवडनं गावात कुणाचं तरी डोकं फोडलंय आणि म्हणून तो नऊ वर्षं तिकडं फिरकलेला नाही, ही आमच्या सोसायटीतली सगळ्यात टिकाऊ बातमी. डी विंगच्या हंसाबेन ती सांगताना आधी डावीकडे बघायच्या, मग उजवीकडे, आणि मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजायच्या, "मर्डर केस छे! पुलिस ढूंढती है उसको!"

खरं सांगायचं तर बबननं आयुष्यात फोडला असेल तर नारळ, तोही विचारून. तो गावी जात नव्हता कारण मुंबईबाहेरच्या हाटकेशमधल्या आमच्या सरोवरदर्शन सोसायटीत (सरोवर कुणीच पाहिलेलं नाही) पाणी कधी येईल याचा भरवसा नसे. आलं की पंप लावायचा, अकरा व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमानं उघडायचे आणि मिटायचे. तो क्रम जगात एकाच डोक्यात होता.

मुक्काम पंपरूममध्ये. सहा बाय आठची खोली, त्यातली अर्धी मोटरची. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला गेला तरी त्याचे कान इथंच. पाईपमध्ये सूंऽऽ झालं की अर्धा ग्लास तसाच ठेवून पळायचा. घोडबंदरचा किल्ला रिक्षाच्या अंतरावर, पण त्यानं तो पाहिलेला नाही. एकदा निघाला होता, वाटेतल्या वरसाव्याच्या नाक्यापर्यंत पोचलाही. तिथं कुणाच्या तरी बादलीचा आवाज आला आणि त्यानं रिक्षा वळवली.

वर खिडक्या होत्याच. सी विंगमधून, "बबऽऽन, पानी आया क्या?" बी विंगमधून, "अरे डोक्याला साबण लावून उभाय मी, माणुसकी आहे की नाही?" आणि सेक्रेटरी पराग साटम, गॅलरीत दात घासता घासता, "बबन, आफी फंप फालू कल!" याचा अर्थ, आधी पंप चालू कर.

रजा मागितली की साटम समजुतीनं सांगायचे, "टेक्निकली तुला वर्षाला पंधरा दिवस आहेतच. प्रॅक्टिकली पाणी कोण सोडणार? तू एकदा कागदावर काढून दे, मग जा ना खुशाल."

कागद मात्र बबन देत नव्हता. शेजारच्या सोसायटीतल्या पंपवाल्यानं दिला होता. पुढच्याच महिन्यात एजन्सीचा माणूस तो कागद हातात धरून हजर, आणि पंपवाला वळकटी घेऊन बाहेर. तेव्हा बबनच्या दाराला बाहेरून कडी सोसायटीनं घातलेली होती आणि आतून त्यानं स्वतः.

२००८ साली ती कडी करकचली. बबनचे वडील बाबाजी, गुहागरकडे गावी. शिमग्यात पालखी आली की देवीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान भुवडांच्या घराचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवीला मोठ्यानं घातलेलं साकडं; तिथं पुटपुटून चालत नाही. आणि दिवाळीपासून बाबाजींचा आवाज गेला. तोंड उघडलं की नुसता वारा. डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला सांगितला, तेव्हा बबन फोनवर बायकोवर, शेवंतीवर, उखडला, "घसा बसलाय आणि फोटो छातीचा? लुबाडतोय तो!" गावकीनं ठरवलं होतं, यंदा भुवडांच्या घरातून आवाज निघाला नाही तर मान चुलत्याच्या रामूकडे. एकदा गेलेला मान परत येत नसतो.

बबननं पाच दिवस मागितले. साटम म्हणाले, "टेक्निकली..."

त्याच आठवड्यात ए विंगच्या पाचव्या मजल्यावरून तक्रार आली. तिथं नीलिमा मॅडम राहतात, ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवतात. बबन पान्हा घेऊन वर गेला आणि दारातच थबकला. हॉलभर कागद पसरलेले. विज्ञान दिनासाठी मॅडमनी लांब मानेचा डायनासोर काढला होता. शेपूट सोफ्याखाली, धड पंख्याखाली, आणि मान तीन कागद जोडून थेट स्वयंपाकघरात गेलेली.

"याच्यावर पाय देऊ नकोस हं," मॅडम म्हणाल्या.

"नाय ओ. हा खायचा काय?"

"पाला. दिवसभर. चावायचा नाही, ओरबाडायचा आणि गिळायचा. पुढचं पोट बघून घ्यायचं. चावायला मोठा जबडा लागला असता, आणि एवढ्या मानेला ते डोकं पेललं नसतं. मानेचे मणकेसुद्धा आतून पोकळ, हवा भरलेले."

"आणि चालायचा किती?"

"होईल तेवढं कमी. एका जागी उभं राहायचं आणि मान फिरवून आसपासचं सगळं खायचं."

"म्हणजे माझ्यासारखाच. ड्युटी सोडायची नाय."

मॅडम हसल्या. "पहिल्यापासून असा नव्हता रे. याचे पूर्वज शेळीच्या वजनाचे, दोन पायांवर पळणारे. अंगानं वाढला तसं त्याला खाणारे कमी झाले. वाढला म्हणून जास्त खायला लागलं, त्यासाठी मान वाढली. लाखो पिढ्या हेच. उलटंही झालंय म्हणा. बेटावर अडकून पडलेले काही पिढ्यानपिढ्या लहान होत गेले."

"खोलीत अडकला की माणूस पण होतो," बबन म्हणाला. मग त्यानं मानेवरून नजर वर नेली. "इतक्या वर रक्त चढवायला मोटर किती हॉर्सपॉवरची?"

"त्यावर अजून भांडणं चालू आहेत. काही म्हणतात मान उभी, काही म्हणतात आडवी."

"आडवीच. फुकट काय वर चढत नाय."

तेवढ्यात त्याला चित्रावर चिकटवलेली लाल लोकर दिसली. डोक्यातून निघून मानेतून सरळ खाली छातीत उतरलेली, आणि तिथून वळून परत वर घशापर्यंत गेलेली.

"मॅडम, हा दोरा चुकला. डोक्याशेजारी घसा, आणि हा खालपर्यंत जाऊन परत?"

"चुकला नाही. ही आवाजाची नस. आपले फार जुने पूर्वज मासे, त्यांना मान नव्हती. तेव्हा ही हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीखालून जायची, तोच जवळचा रस्ता होता. पुढे मान आली, हृदय खाली सरकलं, आणि नस त्या वाहिनीत अडकलेली. तोडून नवी टाकायची सोय नाही, कारण जनावराला रोज जगायचं असतं. मग ती नुसती लांबत गेली. याच्या नसा काही दगडात उरलेल्या नाहीत; पण जिराफात अशीच आहे, मगरीत आहे, पक्ष्यांत आहे. म्हणजे यातही असणार."

बबन तिथंच उकिडवा बसला.

"ही आपली ए विंगची लाईन हाय, मॅडम."

टाकी गेटपाशी, ए विंगपासून वीस पावलांवर. पण पहिल्यांदा फक्त ए विंग होती तेव्हा पाणी मागच्या बोअरिंगचं. त्या बोअरिंगवर पुढे ई विंग उभी राहिली, टाकी पुढे आली, आणि ए विंगचा पाईप मात्र ई विंगच्या पोटात अडकलेला. नवा टाकायला एक दिवस पाणी बंद ठेवू कुणी देईना. तुकडे जोडत गेले. आजही पाणी गेटपासून ई विंगच्या मागे जातं, वळतं, आणि सबंध कंपाउंड पार करून मॅडमच्या नळाला येतं. आलं तर.

"मॅडम, ही नस माणसात पण छातीत उतरते?"

"डावीकडची उतरते. छातीत काही दाबलं गेलं तरी आवाज जातो."

बबननं लोकरीवरून बोट घशापासून छातीपर्यंत नेलं. "म्हणून फोटो छातीचा," तो म्हणाला.

मग त्यानं विचारलं, "याची मागची बाजू कोरी हाय ना?"

मॅडमनी मानेचा एक कागद वाया घालवला होता, तो दिला. बबननं स्केचपेन धरला तो पान्ह्यासारखा, मुठीत. टाकी काढली ती पोट म्हणून, मोटर हृदय म्हणून, ई विंगकडे शेपूट, ए विंगला मान. अकरा ठिकाणी आकडे. अर्ध्या तासात नऊ वर्षं कागदावर उतरली. झाल्यावर मात्र त्याचा पंजा कागदावरून उठेना.

"हात काढ, शाई पसरेल," मॅडम म्हणाल्या.

तोच कागद घेऊन तो साटमांकडे गेला.

"हे काय, डायनासोर?"

"आपली लाईन हाय, साहेब."

साटम कागद हातात धरून कंपाउंडभर फिरले. हा उघडला, तो मिटला. थोड्या वेळानं पाचव्या मजल्यावरून मॅडम ओरडल्या, "आलंऽऽ!"

"टेक्निकली..." साटम म्हणाले आणि थांबले. "प्रॅक्टिकली पण जमतंय की!"

बबनला पाच दिवस मिळाले. दाढ काढून आलेल्या माणसासारखा दिसत होता. दुखणं गेलेलं आणि जीभ सारखी खड्ड्यात जाणारी.

निघताना मी त्याला गेटवर गाठलं. "बबनकाका, पैज. पहिल्याच दिवशी तुमचा फोन येणार, आठ नंबर मिटला का म्हणून."

"नाय करणार. तुम्हीच करशाल."

"हरणारा रविवारी टाकीत उतरून ती घासणार."

"चालंल," म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून गेला. नऊ वर्षांत त्याला पाठमोरं पाहिल्याचं आठवत नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. फोन नाही. तिसऱ्या दिवशी चार नंबर मिटायची पहिल्यांदाच वेळ आली, आणि तो काही केल्या मिटेना. मी, साटम आणि सी विंगचा जिमवाला, तिघं लटकलो. वर खिडक्या सुरू झाल्या. साटम घामाघूम होऊन म्हणाले, "अरे, लाव फोन!"

शेवंतीकाकूंनी उचलला. "थांबा, ते गाऱ्हाणं घालतायत."

मागून एक आवाज येत होता. मी सगळ्या सोसायटीचे आवाज काढतो, पण हा कधी ऐकलाच नव्हता. जाड, लांब, डोंगरावरून गडगडत येणारा, "...पोटापाण्यासाठी मुंबयला ग्येलेल्या लेकरांची राखण कर गो मायेऽऽ!" आणि त्यावर शेकडो गळे, "व्हय म्हाराजाऽऽ!"

खूप वेळानं बबन फोनवर आला, नेहमीच्या बारीक सुरात. "चार नंबर ना? त्याचे आटे उलटे हायत. डावीकडं फिरव."

"हे कागदावर का नाही लिहिलंत?"

"राह्यलं ओ," तो म्हणाला, आणि मला पलीकडून हसू ऐकू आलं. "रविवारी जुनी चप्पल घाल. खाली लय शेवाळ हाय."