पांढरी चार

सोप्या गोष्टीचा मला आजही राग येतो, पण त्या रागात आता आदर आहे. पंधराव्या वर्षी तो नुसताच राग होता. जबलपूरच्या मिशन शाळेत पियानोच्या परीक्षेसाठी मिस साहेबांनी मला जी सोनाटा, म्हणजे पियानोसाठी लिहिलेली रचना, दिली, तिच्या कव्हरावरच छापलं होतं, विद्यार्थ्यांसाठी सोपी. माझ्यासोबत परीक्षेला बसणाऱ्या रेल्वेच्या साहेबाच्या मुलीला मात्र असा दणदणीत तुकडा, की डावा हात उजव्यावरून उडी मारतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे तर लहान पोरींचं आहे, असं मी मिस साहेबांना तोंडावर सांगितलं. त्या अँग्लो-इंडियन, गार्डाच्या लेक, मदन महल स्टेशनाजवळ एकट्या राहायच्या आणि आमच्यासारखीच जबलपुरी हिंदी बोलायच्या. म्हणाल्या, "पहले इसको तो बजा ले, फिर बड़ी बनना."

तेव्हा नागपुरात सी. पी.चं, म्हणजे मध्य प्रांताचं सरकार होतं आणि घमापुरातल्या आमच्या घरात आईचं. अकोल्याहून मला स्थळ आलं होतं. मंडळी चांगली, शेतीवाडी, पण लग्नानंतर मुलीचं वाजवणं-बिजवणं चालणार नाही हे त्यांनी आधीच कळवलं होतं. बाबा कचेरीत कारकून, गणपतीतल्या नाटकांना पायपेटी वाजवणारे. मी शिकावं असं त्यांना फार वाटे, पण आईपुढं त्यांचा आवाज मंद्र सप्तकात जाई. शेवटी निकाल आईनंच दिला. परीक्षा दे. पास झालीस तर दोन वर्षं कोणी लग्नाचं नाव काढणार नाही. नाही झालीस तर उन्हाळ्यात अकोला. बाबांनी मान हलवली, मीही हलवली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

घरी पियानो कुठला? बाबांची पायपेटी होती. पायानं भाता मारायचा, दोन्ही हात मोकळे. शाळेतल्या पियानोवर मला रोज अर्धा तास मिळे, बाकीचा सराव या पेटीवर. मी बसले की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि आत भांडी आपटायची. मी मनात म्हणायची, आपट, आपट, अकोल्याला पाठवायची घाई झालीय तुला. आणखी जोरात भाता मारायची.

परीक्षेला अडीच महिने राहिले आणि मिस साहेबांना हिवताप आला. ताप उतरेना. दोन पानं त्यांनी बसवून दिली होती. तिसऱ्याबद्दल निरोप आला की पहिल्या पानावरची सुरावट तिथं परत येते, तू घरीच बसव. मी पान उघडलं आणि पाहते तर सुरावट परत येते खरी, पण पांढरी एकवर, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवर नाही, पांढरी चारवर. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर सा सोडून मध्यमावर. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, मुखडा कधी दुसऱ्या सुरावर येतो का? मुखडा जिथून उचलला तिथंच यायचा. मलाही तेच वाटलं. आमच्या घरात जन्मलेल्या कोणालाही तेच वाटलं असतं. छापणाऱ्याची चूक आहे, असं ठरवून मी पेन्सिल घेतली, पुस्तकावर सगळे सूर तीन घरं खाली आणले आणि दोन महिने तसंच घोटलं. वर मनात ऐट, की विलायतेतलं पुस्तक आपण सुधारलं. दीड शहाणी म्हणतात ती मीच.

मिस साहेब बऱ्या होऊन आल्या तेव्हा परीक्षेला आठ दिवस उरले होते. शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या. मी वाजवलं. तिसऱ्या पानावर आले आणि त्यांनी हात वर केला. मग उठून पुस्तक जवळ घेतलं, पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या.

"किसने बदला?"

मी म्हटलं, मी. छपाई चुकली होती.

"बेटा, कितनी पीढ़ियों ने यही बजाया. किसी ने सुधारा नहीं. तूने सुधार दिया?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बाजूला सरकवलं आणि ती जागा दोन्ही तऱ्हेनं वाजवून दाखवली. आधी माझी. सुरावट गेली तशीच परत आली, ठीक. मग पुस्तकातली. हात पांढरी चारवर गेला, मध्येच एक काळी पट्टी लागली, आणि तेच ओळखीचं तोंड जरा परकं दिसलं. मला अस्वस्थ झालं. आणि मग उतरत उतरत दुसरी सुरावट आली ती पांढरी एकवर, घरी. पहिल्या पानावर हीच दुसरी सुरावट पंचमावर होती, हे इतके महिने वाजवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे लिहिणाऱ्यानं पहिलीला मुद्दाम दाराबाहेर उभं केलं होतं, दुसरी घरी आली हे ऐकू यावं म्हणून. माझ्या दुरुस्तीत सगळे आधीपासून घरातच बसलेले. मग येणार कोण?

मला रडू आलं. लाजेनंही आलं आणि ते इतकं चांगलं होतं म्हणूनही आलं. एवढ्याशा तीन पानांत, लहान पोरींच्या बोटांना झेपेल अशा सुरांत, कोणीतरी एवढा विचार करून ठेवला होता आणि मी त्याला सोपं म्हणून नाक मुरडलं होतं. बोटांना सोपं होतं ते. माझ्या कानाला नव्हतं.

पण रडून हात बदलतात थोडेच. दोन महिने घोटलेलं बोटांत मुरलं होतं. मी दहा वेळा वाजवलं, सात वेळा हात आपोआप पांढरी एकवर गेला. मिस साहेबांनी सांगितलं, घरची पेटी बंद, आठ दिवस शिवायची नाही, सकाळ-संध्याकाळ इथंच यायचं. घरी पेटी गप्प झाली. आईनं विचारलं, पेटी काहून बंद? मी म्हटलं, मिस साहेबांनी सांगितलं. चूक झाली होती, हे सांगायची माझी हिंमत नव्हती. त्या आठवड्यात मी झोपेतही बोटं हलवत होते. आठव्या दिवशीही दहातून दोनदा चुकतच होतं.

परीक्षेच्या सकाळी कडाक्याची थंडी. परक्या साहेबासमोर पोरीला एकटी कशी पाठवायची, म्हणून आई टांग्यात सोबत आली आणि हॉलबाहेर व्हरांड्यात बाकावर पदर गुंडाळून बसली. आत गोरा परीक्षक, टेबलावर कागद, आणि तो पियानो. माझी बोटं बर्फासारखी. आधी सरगमा वाजवून घेतल्या, त्या कशाबशा निभावल्या. मग त्यानं मान डोलावली, सोनाटा.

पहिलं पान बरं गेलं. दुसरं त्याहून बरं. आणि जसजसं तिसरं जवळ येऊ लागलं तसतसं माझ्या कानात रक्त वाजू लागलं. एक की चार, एक की चार. मला सूर ऐकूच येईनात, अकोला तेवढं दिसत होतं. दुसऱ्या पानाची शेवटची ओळ संपली आणि हात उचलला तेव्हा तो कुठं पडणार हे मला खरंच माहीत नव्हतं. पडला पांढरी चारवर. काळी पट्टी लागली. परीक्षक लिहीत होता, तो लिहीतच राहिला. पुढं दुसरी सुरावट घरी आली तेव्हा माझे डोळे इतके भरले होते की शेवटच्या चार ओळी मी न पाहताच वाजवल्या.

बाहेर आले. आई बाकावरून उठली होती. चेहरा पडलेला, डोळे लाल. टांगा ओमतीच्या चौकापर्यंत येईतो ती पदरानं नाक-डोळे पुसत होती. मला वाटलं, हिला थंडी बाधली. मग एकदम म्हणाली, "तिथं काहून चुकली तू? घरी तर बरोबर वाजवत होती."

मला कळेना. मी विचारलं, कुठं?

"ते परत येते तिथं," ती म्हणाली, आणि टांगेवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून गुणगुणली. पूर्ण सुरावट. माझी, पेन्सिलनं सुधारलेली, एकेक सूर जागच्या जागी. आरती सोडून मी आईला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

मी तिला सांगितलं की चुकले नाही, घरीच चूक होती, ते मध्यमावरच येतं. तिनं विचार केला. "बरं," म्हणाली, "पण मला घरचंच आवडलं होतं." आणि माझा हात हातात घेतला. बोटं अजून गार होती, ती चोळत राहिली.

संध्याकाळी तिनं बाबांकडून एक कार्ड मागितलं आणि स्वतः लिहायला बसली. अकोल्याला. मुलगी अजून शिकून राहिली आहे, आपण दुसरीकडे पाहावे. बाबा मागं उभं राहून वाचत होते. दबक्या आवाजात म्हणाले, अगं, निकालाला दोन महिने आहेत, नापास झाली तर?

"तर पुन्हा बसेल," आई म्हणाली, आणि पत्ता लिहायला तिनं कार्ड उलटं केलं.